हवेच्या पाइपाची काळजी

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि मी चढलो तीही धारवाडला बी. ए. करण्यापुरतीच. एखाद्या माणसाविषयी लिहायचं म्हणजे त्याला आपण पुरतं ओळखतो असं म्हणण्यासारखं आहे, आणि तसं म्हणायला मला भीती वाटते. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते वयाने मोठे, नात्याने काका, म्हणजे आईच्या चुलत बहिणीचे यजमान. त्यांना कुणी हे वाचून दाखवलं तर ते रागावणार नाहीत, काळजी करतील. "पोरानं लिहिलंय खरं, पण त्यापायी कोण त्याला काय करणार न्हाई न्हवं?" असं दहा जणांना विचारतील. तरीही लिहितो, कारण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो, आणि माझ्याजवळ छातीठोकपणे सांगण्यासारख्या गोष्टी फार नाहीत. रामनगरपासून कॅसलरॉकपर्यंत आणि तिथून खाली गोव्याच्या हद्दीपर्यंत, काळजी करण्यात काकांचा हात धरेल असा माणूस नाही.

इतर माणसं काळजी करतात ती काहीतरी बिघडल्यावर. काकांना धड असलेली वस्तू पाहिली की जास्त धास्ती वाटते, कारण तिचं बिघडायचं अजून शिल्लक असतं. याला त्यांची नोकरीही कारण असावी. ते कॅसलरॉकच्या बाजूला रेल्वेत गँगमन होते. हातात हातोडी घेऊन रुळांवरून चालायचं, ठोकून बघायचं, आवाज बदलला की थांबायचं, सैल झालेलं आवळायचं. उभा पाऊस असो, धुकं असो, आपण आज एक बोल्ट बघायचा विसरलो तर वरून येणारी सगळी गाडी दरीत जाईल, असं मनात धरून त्यांनी आयुष्य काढलं. नोकरी संपली, हातोडी परत दिली, पण बोटांची सवय गेली नाही. लग्नाच्या मांडवात शिरताना ते खांब ठोकून बघतात. आमच्या घरी आले की कपाटावर टकटक करून "आवाज बरा न्हाई" म्हणतात आणि आई दिवसभर त्या कपाटाकडे संशयाने बघते. मी पहिल्यांदा धारवाडला निघालो तेव्हा ते एस.टी. स्टँडवर सोडायला आले होते. आधी माझी ट्रंक ठोकली, मग बसला वळसा घालून एकेक टायर ठोकला. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "काका, एवढी काळजी हाय तर तुम्हीच चालवा की." काका अगदी गंभीरपणे म्हणाले, "मी चालवलो तर तुम्हाला भ्या वाटंल."

काकू होत्या तोवर या काळजीला एक ठिकाण होतं. काका बोलायला लागले, कौलं सरकलीत वाटतंय, गाय आज नीट बघत नाही, आभाळाचा रंग बरा नाही, की काकू भाकरी थापता थापता मान न वळवता म्हणायच्या, "व्हय, बगू." तेवढंच. त्या कधी काही बघायच्या नाहीत, पण त्या दोन शब्दांनी काकांची काळजी तिथेच उतरायची, जसं ओझं घेऊन चाललेल्या माणसाला वाटेत ओझं टेकवायला उभा केलेला दगड मिळावा. काकू गेल्या, आणि तेव्हापासून काकांचं ओझं डोक्यावरच राहिलं. घरात ते एकटे. एकच मुलगी, शालू, ती खानापूरकडे दिलेली.

मी सांगणार आहे ती गोष्ट शालूच्या पहिल्या बाळंतपणाची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आमच्याकडची रीत, आणि काकांनी तर लग्नातच विहीणबाईंना सांगून ठेवलं होतं, "पयलं आमच्याकडं हं." पण काकांचं घर रानाला लागून. संडास परसात, आणि पावसाळ्यात तिथे जाऊन यायचं म्हणजे एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चुना, आणि परत आल्यावर पायाच्या बोटांमधून जळवा काढत बसायचं. लग्नानंतर एकदा शालू भर पावसात राहायला आली आणि पोटरीला चिकटलेली जळू घेऊन सासरी गेली, हे काका अजून विसरलेले नाहीत. जळवांच्या वाटेने बाळंतीण कशी जाईल? म्हणून त्यांनी मागच्या पडवीला भिंत घालून घरातच संडास-बाथरूम बांधलं. शेजारच्या आज्जीने ते बांधकाम चालू असताना कपाळाला हात लावला. "अरे घरात? देवाच्या भिंतीला लागून?" काका म्हणाले, "देव काय जळवातनं जायलाय काय?" त्या दोघांच्या भांडणात शेवटचा शब्द काकांचा होणं क्वचितच घडतं.

आता मला जे नीटसं कळलं नव्हतं आणि नंतर कळलं ते सांगतो. संडासाची टाकी असते तिच्यात घाण वायू साचतो. तो बाहेर जावा म्हणून एक पाइप वर काढतात. त्याला कुणी गॅसचा पाइप म्हणतं, कुणी हवेचा. काकांच्या घरात तो बाथरूमच्या कोपऱ्यातून चढून, मधल्या खोलीच्या माळ्यावरून जाऊन, कौलं फोडून आभाळाकडे तोंड करून उभा होता. लोंढ्याच्या प्लंबरने तो बसवला त्या दिवसापासून काकांचं मन त्या पाइपावरून खाली उतरलं नाही. ज्या छपरातलं एकेक भोक बुजवण्यात आपले पावसाळे गेले, त्या छपराला कुणीतरी पैसे घेऊन मुद्दाम भोक पाडावं, हे त्यांना झेपत नव्हतं. आणि झालंही तसंच. पाऊस लागला तसं पाइपाच्या कडेने पाणी झिरपून माळ्यावर टिपटिप सुरू झाली. उघडीप बघून काका छपरावर चढले, काहीतरी बंदोबस्त करून उतरले, आणि टिपटिप थांबली. काका खूश झाले. म्हणजे, दुसरी काळजी सुरू होईपर्यंत गप्प राहिले.

दुसरी काळजी म्हणजे वास.

शालूला सातवा सरला तेव्हा विहीणबाई तिच्यासाठी घर कसं आहे ते बघायला म्हणून आल्या. त्या वाईट बाई नाहीत, हे मी आधीच सांगतो, कारण अशा गोष्टींत सासूला वाईट ठरवायची घाई होते. त्यांनी गाय बघितली, विहीर बघितली, नवीन बाथरूमच्या फरशीचं कौतुक केलं. मग बाळंतिणीसाठी ठेवलेल्या मधल्या खोलीत बसून चहाचा कप तोंडाला लावला, आणि कप खाली ठेवून पदर नाकाला लावला.

"पावणं," त्या म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नगासा. घर झकास हाय. पण ह्यो वास कसला म्हणायचा?"

काका म्हणाले, "कुठला?" आणि तेवढ्यात त्यांनाही आला.

विहीणबाई कप बाजूला सारून हळूच म्हणाल्या, "घरात बाईमाणूस न्हाई, ते एक चालवून घेतलं असतं. पण तान्ह्या बाळाच्या नाकात ह्यो वास जायाचा, बघा. वास गेला की सांगा. मी सोता पोरीला घेऊन येतो. न्हाई गेला तर राहू द्या, आमच्यातच करतो."

तेव्हापासून काकांचं घर एक नाक झालं. मी सेमिस्टर संपवून सुट्टीला गेलो तेव्हा अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी विचारलं, "आलास? बस. वास यायलाय काय?" मी अजून चपला काढल्या नव्हत्या. दारात येणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न होता. पोस्टमनला विचारून झालं, आरोग्य खात्याच्या आशाताईला विचारून झालं, मतं मागायला आलेल्या माणसांना ओळीने मधल्या खोलीत उभं करून झालं. त्यांनी "चांगला वास आहे" म्हटलं. बहुतेक माणसं भिडेने "न्हाई बा" म्हणत, आणि "न्हाई" म्हणणाऱ्यावर काकांचा काडीचा विश्वास नव्हता. "ह्येचं नाक बसलंय," ते मागून मला सांगत. जो "होय, जरासा येतो" म्हणेल त्याला मात्र ते बसवून घेत, चहा देत आणि डॉक्टरकडे सांगावं तसं सगळं सांगत. सकाळी जास्त असतो, पाऊस जोराचा असला की वाढतो, वारा रानाकडनं असला की कमी, आणि संडासात पाणी ओतलं की पाइपात कुणीतरी गुडगुड हसतंय असा आवाज.

वास कुठून येतो याचा शोध त्यांनी आपल्या पद्धतीने, म्हणजे सगळं आवळून आणि सगळं फेकून, चालवला होता. आधी माळ्यावर उंदीर मेला असेल म्हणून माळा रिकामा केला. मग फणसाच्या आठळ्या बाहेर गेल्या. मग सुकी मासळी गेली. मिठाच्या पाण्यात घातलेल्या बांबूच्या कोंबांची बरणी आज्जीच्या दारात ठेवून आले, तेव्हा आज्जी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हंजे वास तुझ्या घरात नगो, माझ्या घरात चालतोय?" सगळं गेलं, वास राहिला. टाकीतल्या गॅसने घर पेटतं असं कुणीतरी त्यांना सांगितल्यापासून मधल्या खोलीत काडी ओढायची बंदी झाली. देवघर पुढच्या पडवीत आलं. वाऱ्याने निरांजन राहीना, म्हणून काका देवाला रोज हात जोडून म्हणत, "जरा सांभाळून घ्या. बाळंतपण होऊ द्या."

आणि मी. मी कॉलेजात शिकतो म्हणून मला हे कळलं पाहिजे असं सगळ्यांचं मत. मी इतिहास आणि अर्थशास्त्र शिकतो हे मी सांगून पाहिलं. आज्जी म्हणाली, "मग तेच्यात पाइपाचा इतिहास न्हाई व्हय?" मी माळ्यावर चढलो, अंधारात हात फिरवला, खाली उतरलो. वास येतो आहे एवढंच मी खात्रीने सांगू शकलो, आणि ते तर पोस्टमनही सांगून गेला होता.

संध्याकाळी काका मला घेऊन रस्त्याच्या वळणावर जात, कारण रेंज तिथेच मिळते. छत्रीखाली उभं राहून शालूला फोन. एकदा फोन स्पीकरवर होता.

"बाबा, जेवलासा काय?"

"जेवलो. आज सकाळी कमी होता. दुपारी परत—"

"बाबा, तुम्ही मला एकदा तरी विचारा की, तू कशी हाईस म्हणून."

काका गोंधळले. "तू कशी हाईस?"

"बरी हाय. आयका. वास असला तरी मी येतो. मला तिथंच यायचंय. पण सासूबाई सोडत न्हाईत, आणि त्यांचं पण खोटं न्हाई."

"न्हाई, न्हाई," काका म्हणाले. "वास असताना तू येऊ नगो." फोन बंद झाला. दिवस भरत आले होते. रस्त्यावर झाडं पडायचे दिवस होते. मला पहिल्यांदा वाटलं, की ही नेहमीची काळजी नाही. यात खरंच एक माणूस यायचं राहून जाईल.

प्लंबर एकदा येऊन गेला. त्याने बाथरूमच्या भिंतीबाहेर, पाइपाच्या बुडाशी असलेलं झाकण उघडलं, टाकीकडचं तोंड ओलं पोतं कोंबून बंद केलं, आत डोकावून "तुंबलेलं तर न्हाई" म्हणाला, आणि पावसाने झोड उठवली तसा झाकण उघडंच ठेवून उद्या येतो म्हणून गेला. आमच्याकडे पावसाळ्यात उद्या म्हणजे उघडीप पडली की.

त्याच मुदतीत आज्जी काकांना बाळंतपणाचे धडे देत होती. घरात बाई नाही तर मीच करीन, असं काकांनी ठरवलं होतं. बाळाला धुरी कशी द्यायची ते शिकणं त्या दिवशी चाललं होतं. परसात, वळचणीखाली भिंतीला लागून, पावसाचा शिंतोडा येणार नाही अशा जागी घमेल्यात निखारे, त्यावर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं. बाळ म्हणून एक मोठं तवसं, म्हणजे आमच्याकडची पावसाळी काकडी, काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं.

"अरे मान धर की बाळाची," आज्जी ओरडली.

"तवशाला मान कुठली आज्जी?" मी म्हणालो.

"तू गप. तू कॉलेजातला. ह्यो धरंल."

काकांनी खरोखरच मान धरली. तवसं धुरावर आडवं धरून, हलक्या हाताने उलटंपालटं करून, "लागंना न्हवं धूर डोळ्यात?" असं त्यालाच विचारू लागले. आज्जी समाधानाने आत गेली, बाज कुठल्या भिंतीला लावायची ते बघायला. आणि क्षणात आतून किंकाळी आली.

"अरे धावा! माळा पेटला! धूर यायलाय!"

काकांचा चेहरा मी आजवर असा पाहिला नव्हता. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते अखेर आलं, असा तो चेहरा होता. पण धावण्याआधी त्यांनी हातातलं तवसं माझ्या हातात दिलं, मान सांभाळून. "धर नीट," म्हणाले, आणि पळाले.

खरोखर मधल्या खोलीच्या माळ्यातून धूर उतरत होता आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडत होता. आज्जीचा आवाज वाडीभर गेला. खालच्या घरातले दोघे बादल्या घेऊन आले. पलीकडच्या वळणावरून एक बाई आली ती मात्र बादली न घेता वाटीत साखर घेऊन, कारण तिच्यापर्यंत आरडाओरडा पोचला नव्हता, ओव्याचा आणि लसणाचा वास पोचला होता. धुरीचा वास आला म्हणजे घरात बाळ आलं, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. मी परसातून पुढे आलो होतो आणि हातात लुगड्यातलं ते.

"अगं बाई! झाली? कधी आली शालू? पोरगा का पोरगी?" असं म्हणत तिने पुढे होऊन लुगड्याचा पदर बाजूला केला.

ती काय म्हणाली ते लिहिता येत नाही. तवसं बरंच मोठं होतं आणि धुराने जरा काळवंडलं होतं.

पण वर आग नव्हती. काका बादली घेऊन माळ्यावर चढले होते, आणि त्यांच्या मागे मी चढलो तोवर ते बादली खाली ठेवून गुडघ्यावर बसले होते. घमेलं नेमकं त्या उघड्या झाकणाखाली होतं. धूर आत ओढला जाऊन पाइपातून चढला होता, आणि माळ्यावर जिथे एक पाइप दुसऱ्यात बसवलेला होता तिथून, सांध्याच्या चहूबाजूंनी, बारीक झालरीसारखा बाहेर येत होता. काकांनी बोटाने पाइप ठोकला. वरचा तुकडा डगडगला. त्याला चिकटवायचं सोल्युशन लावायलाच कुणीतरी विसरलं होतं. नुसता आत सारून ठेवला होता.

"सैल हाय," काका म्हणाले. मग मोठ्याने, खाली जमलेल्यांना ऐकू जाईल असं, "सापडलं! सैल हाय!" मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभराच्या टकटकीतून एकदा तरी खरोखर सैल काहीतरी निघालं होतं, आणि तेही वेळेवर.

मी विचारलं, "पण काका, वरचा पाइप मोकळा आहे ना? मग धूर वर जायचा सोडून इथून का येतोय?" हे मी हुशारीने विचारलं नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं.

काका हसायचे थांबले. धुराच्या झालरीकडे बघत राहिले. मग वर, कौलांकडे बघितलं.

"वर मी बांधलंय," ते म्हणाले.

आमच्याकडे पावसाळ्याआधी सगळं झाकतात. लाकडांची रास झाकतात, गवताची गंजी झाकतात, तुळसही झावळ्यांनी झाकतात. तोंड उघडं ठेवून पावसात कुणीही उभं राहत नाही. पाइपाकडून पाणी झिरपलं तेव्हा काका चढले ते जाड प्लास्टिक घेऊन, आणि पाइपाच्या तोंडावरून थेट कौलांपर्यंत ते घालून सायकलच्या ट्यूबने करकचून बांधून आले. इतकं चांगलं बांधलं होतं, की एवढ्या वादळवाऱ्यात सुटलं नाही. टाकीतला वायू बिचारा वर जाऊन परत येत होता आणि सांध्यातून त्या खोलीत उतरत होता जिथे शालूची बाज लागायची होती.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला आणि छपरावरून खाली बघत हसला. "काका, तोंड बांधून माणूस जगंल काय? मग ह्यो पाइप कसा जगंल?"

"पाइप जगंल न जगंल," आज्जी खालून म्हणाली, "सांध्याला सोल्युशन लावायचं तू कशाला विसरलास ते आधी सांग."

काका त्या दोघांच्या मध्ये उभे होते. त्यांनी कुणालाच दोष दिला नाही. "उघडं कसं ठेवायचं पावसात?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. अखेर पाइपाच्या तोंडावर जाळीची टोपी आली, जिच्यातून बाजूने हवा जाते आणि पाऊस आत येत नाही. कौलातून पाइप जिथे निघतो तिथे पत्र्याची गळपट्टी बसली. सांधा काढून, पुसून, कोरडा करून त्याला सोल्युशन लागलं. ते वाळेपर्यंत काका माळ्यावर त्या सांध्यावर छत्री धरून बसले. माळ्यावर पाऊस नव्हता. पण कुणी त्यांना उठवलं नाही.

खात्री करायला पुन्हा धुरी दिली, या वेळी तवशाशिवाय. मी माळ्यावर सांध्याजवळ नाक लावून बसलो. काही नाही. खाली आज्जी, खोलीत. काही नाही. बाहेर अंगणात काका, पावसात, छत्री न घेता वर बघत उभे. टोपीच्या जाळीतून निळसर धूर निघत होता आणि पावसातून वाट काढत वर जात होता.

"चाललाय," ते मला म्हणाले, मी खाली उतरल्यावर. "बग, वर चाललाय." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "हिनं बघायला पायजे होतं." काकूंसारखं "व्हय, बगू" म्हणणं माझ्या वयाला शोभलं नसतं. मी छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली.

प्लंबरने टाकीकडचं पोतं काढून बुडाचं झाकण लावलं, आणि विहीणबाईंना फोन गेला. काका म्हणाले, "वास गेलाय असं मला वाटतंय, पण माझ्या नाकावर इस्वास ठेवू नगासा. तुमी सोता येऊन बघा." त्या म्हणाल्या, "येतो. उघडीप पडू द्या."

उघडीप पडायच्या आधी माझं कॉलेज सुरू झालं. मी धारवाडला आलो, आणि तिथे आल्यावर मला कळलं की काकांची काळजी संसर्गजन्य आहे. वर्गात बसलो असताना मनात एकच. सोल्युशन नीट वाळलं असेल का, विहीणबाईंच्या नाकाला बाथरूममधला साबण तर टोचणार नाही, दिवस भरले असताना रस्त्यात झाड पडलं तर. रोज फोन लावायचो. ज्या वळणावर रेंज येते तिथे काका नसले की फोन लागत नाही, आणि पावसात टॉवरच बंद पडला की वळणही उपयोगाचं नाही. वर्तमानपत्रात आमच्या भागातल्या पावसाची बातमी यायची, काकांची यायची नाही. हॉस्टेलच्या भिंतीवर मी बोटांनी टकटक करतो आहे, हे खोलीतल्या मित्राने सांगितलं तेव्हा मला कळलं.

अखेर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आमच्याकडून धारवाडला येणाऱ्या बसचा कंडक्टर होता. स्टँडवर ये म्हणाला. मी पळत गेलो. तो बसच्या दारात उभा होता, हातात पेढ्यांचा पुडा. मी पुड्याकडे हात केला तसा त्याने तो मागे घेतला.

"काय तम्मा, रामनगरच्या काकांचा बी. ए.वाला तूच न्हवं? थांब. ओळीनं सांगतो. त्यांनी तसंच सांग म्हणून बजावलंय. पयलं म्हंजे सगळं ठीक हाय. काळजी करायची न्हाई."

"बरं."

"मग, रस्त्यात झाड पडलतं, ते काढलंय. आयकालैस न्हवं? मग, विहीणबाई आल्या त्या अजून तिथंच हाईत. परत जातो म्हणत न्हाईत. बाळंतपण मीच करतो म्हणाल्यात, पुरुषमाणसाचं काम न्हाई म्हणाल्या. त्यामुळं काका आता पुढच्या पडवीत झोपतात."

"आणि शालू?"

"तेच सांगालोय की. दांडेलीला दवाखान्यात पोरगी झाली. आई, लेकरू दोघं सुखरूप. घरी आणलंय."

"घरी म्हणजे कुठल्या घरी?"

"काय विचारतोस बा? काकांच्या घरी. आणि कुणाच्या?" आता त्याने पुडा माझ्या हातात दिला.

मला खूप काही विचारायचं होतं, पण तोंडातून एकच प्रश्न निघाला. "वासाचं काय म्हणाले?"

कंडक्टरने कपाळाला आठ्या घातल्या. निरोप विसरलो की काय, या भीतीने त्याने सगळं पुन्हा मनातल्या मनात म्हणून बघितलं.

"वासाचं?" तो म्हणाला. "लेकरू जांभई कसं देतंय ते करून दाखवलं. मूठ कशी धरतंय ते दाखवलं. मी शिट्टी मारली, गाडी हलली, तरी खिडकीला धरून चालत बोलालते. न्हाई तम्मा, वासाचं काय न्हाई बोलले."